न्यायाधीश पोझनर यांचा जमाखर्च

१९७९च्या जानेवारीत शिकागोच्या दक्षिणेला, ब्लू आयलंड नावाच्या रेल्वे यार्डात एक टँकर गळू लागला. त्यात २०,००० गॅलन ॲक्रिलोनायट्राइल होतं. ॲक्रिलिक धागे तयार करायला लागणारं हे रसायन विषारी असतं आणि पटकन पेटही घेतं. आसपासच्या वस्तीतल्या जवळपास ३,००० माणसांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं. माती-पाणी साफ करण्याचा खर्च ९ लाख ८० हजार डॉलरच्या वर गेला. तो यार्ड चालवणाऱ्या रेल्वे कंपनीवर पडला आणि तिने रसायन पाठवणाऱ्या अमेरिकन सायनामिड कंपनीला कोर्टात खेचलं. माल इतका घातक आहे की चूक कुणाचीही असो, भरपाई पाठवणाऱ्यानेच द्यायची, असं रेल्वेचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टाला ते पटलं.

१९९०मध्ये अपिलात हा निकाल फिरला. निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश होते रिचर्ड पोझनर. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: टँकर गळला तो कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे, रसायनाच्या अंगभूत गुणामुळे नव्हे. निष्काळजीपणाला शिक्षा करणारा कायदा आधीच आहे. पाठवणाऱ्यावर सरसकट जबाबदारी टाकली तर तो करून करून काय करील? शिकागोला वळसा घालून माल नेईल. पण देशातले रेल्वेमार्ग शिकागोतच एकवटतात. वळसा म्हणजे लांबचा रस्ता, कदाचित जास्त खराब रूळ आणि अपघाताची शक्यता तेवढीच किंवा थोडी अधिक. इथपर्यंत कुणालाही पटेल. मग पोझनर आणखी एक पाऊल पुढे टाकतात. ऐकायला क्रूर वाटेल अशी कबुली देऊन ते म्हणतात, की त्या जागेचा चुकीचा वापर रसायनांची वाहतूक हा नसेलच कदाचित. तिथे लोकांनी घरं करून राहणं हाच चुकीचा वापर असेल. जोडीला ते शिकागोच्या ओहेअर विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांमध्ये घर बांधण्याचा दाखला देतात.

भारतीय वाचक इथे अडखळतो. चारच वर्षं आधी, डिसेंबर १९८६मध्ये, दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या ओलियम गळतीप्रकरणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने न्या. भगवतींच्या लेखणीतून नेमकी उलट दिशा धरली होती. घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण, तिला अपवाद नाही, असं ते तत्त्व. त्यामागे भोपाळ होतं. पोझनर यांच्या निकालपत्रात वस्तीतली ती माणसं येतात ती ओझरती. मात्र रेल्वे विरुद्ध रसायन कंपनी हा वाद दोन धनाढ्य पक्षांमधला होता, वस्तीतलं कुणी फिर्यादी नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. समोर उभ्या असलेल्या पक्षांपुरतं पाहिलं तर निकाल चोख आहे. अमेरिकेच्या विधी महाविद्यालयांत तो आजही पहिल्या वर्षाला शिकवतात. पोझनर यांचं सगळं बळ आणि त्यांच्याविषयीची सगळी तक्रार या एकाच निकालपत्रात सापडते.

हे गृहस्थ ज्या खुर्चीवर बसले होते, तिची थोडी ओळख करून द्यायला हवी. अमेरिकेत संघराज्याच्या अपिलांसाठी १३ न्यायालयं आहेत. त्यांतलं सातवं सर्किट इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतल्या फेडरल कोर्टांवरची अपिलं शिकागोत ऐकतं. आपल्या उच्च न्यायालयाशी तुलना अर्धीच जमते. तिथे बहुतेक अपिलं तिघांच्या खंडपीठापुढे चालतात. नेमणूक तहहयात असते, ६२व्या वर्षी निवृत्तीचा नियम नाही. आणि वरचं सर्वोच्च न्यायालय अलीकडे वर्षाला साठ-सत्तर प्रकरणंच सविस्तर ऐकत असल्याने बाकी सगळ्यांसाठी अपील न्यायालय हाच शेवटचा दरवाजा असतो. म्हणूनच, लोकांना नाव माहीत नसलेल्या या न्यायाधीशांच्या हातात फार मोठी सत्ता असते.

पोझनर यांचं नाव मात्र माहीत होतं. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, येलमधून इंग्रजी साहित्याची पदवी, हार्वर्डमधून कायद्याची, तीही वर्गात पहिला नंबर मिळवून. सर्वोच्च न्यायालयात न्या. ब्रेनन यांच्या हाताखाली एक वर्ष, मग सरकारी नोकरी, त्यातही काही काळ सॉलिसिटर जनरल थर्गूड मार्शल यांच्या कचेरीत. ब्रेनन आणि मार्शल ही दोघं उदारमतवाद्यांची दैवतं; त्यांच्याकडे उमेदवारी केलेला हा तरुण १९६९मध्ये शिकागो विद्यापीठात आला आणि बाजारवादी अर्थतज्ज्ञांच्या गोटात रमला. १९७३मध्ये त्यांचं कायद्याच्या आर्थिक विश्लेषणावरचं पाठ्यपुस्तक निघालं. करार असो, घटस्फोट असो की खून, कायद्याचा प्रत्येक नियम हा माणसाच्या वागण्यावर लावलेली किंमत आहे, आणि ती बरोबर लावली आहे का एवढंच तपासायचं, असा त्याचा बाज. १९७८मध्ये एका सहलेखिकेसोबत त्यांनी दत्तक मुलांच्या टंचाईवर लेख लिहिला आणि मूल देणाऱ्या आईला मोबदला देण्याचा प्रयोग मर्यादित प्रमाणात करून पाहावा, असं सुचवलं. ‘मुलांचा बाजार मांडणारा प्रोफेसर’ ही ओळख त्यांना जन्मभर चिकटली. सर्वोच्च न्यायालयात त्यांची वर्णी कधीच लागली नाही, त्याचं एक कारण हा लेख, असं पुष्कळांचं मत आहे. १९८१मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना सातव्या सर्किटवर नेमलं तेव्हा मात्र सिनेटने फारशी खळखळ केली नाही.

तिथे ते ३६ वर्षं राहिले, त्यांतली १९९३ ते २००० मुख्य न्यायाधीश म्हणून. ३,३००च्या वर निकालपत्रं लिहिली आणि बाजूला चाळीसच्या आसपास पुस्तकं. पुस्तकांचे विषय लैंगिकता, वार्धक्य, साहित्य, क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग, लघुग्रहांची टक्कर, २००८चं आर्थिक संकट असे कुठेही पसरलेले. सगळी सारख्या दर्जाची नाहीत. काही घाईत लिहिलेली उघड दिसतात. निकालपत्रांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत बहुतेक न्यायाधीशांच्या निकालाचा पहिला मसुदा त्यांचे तरुण विधी-साहाय्यक लिहितात. पोझनर स्वतः लिहीत, बहुधा तळटीपा न घालता, सरळ गोष्ट सांगावी तसं. वकिलाने विरोधात जाणारा पूर्वनिर्णय लपवला म्हणून २०११च्या एका निकालपत्रात त्यांनी वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं छायाचित्र छापलं आणि शेजारी तशाच अवस्थेतल्या सुटाबुटातल्या माणसाचं. वकिलाला हे जिव्हारी लागलं, आणि त्यात नवल नाही. न्यायासनावरून केलेली थट्टा एकतर्फी असते, हे पोझनर यांना कधी फारसं बोचलेलं दिसत नाही.

त्यांच्याविषयी दोन ठरीव मतं आहेत. एक, ते उजव्या अर्थशास्त्राचे न्यायासनावरचे प्रतिनिधी. दोन, ते आधी उजवे होते आणि म्हातारपणी डावे झाले. मला दोन्ही अपुरी वाटतात. त्यांची पद्धत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही: या भांडणात शहाणपणाचा निकाल कोणता ते आधी ठरवायचं, मग कायद्यात किंवा वरच्या कोर्टाच्या निर्णयात त्याला काही अडसर आहे का ते बघायचं. अडसर नसेल तर प्रश्न मिटला. कित्येक न्यायाधीश मनात असंच काहीतरी करत असतील. निकालपत्रात मात्र कायद्याच्या कलमांतून उत्तर आपोआप टपकल्यासारखं लिहितात. पोझनर यांनी हा पडदा काढला. आता प्रश्न उरतो तो त्यांच्या ‘शहाणपणा’ला वेसण कुणाची, हा. वेसण घट्ट होती तेव्हाचं त्यांचं काम मला सर्वांत चांगलं वाटतं. ती सुटली तिथे त्यांच्या हातून थोरही गोष्टी घडल्या आणि विचित्रही.

वेसणीचं उदाहरण म्हणजे ‘स्टेट ऑइल विरुद्ध खान’. खान हे इलिनॉयमध्ये भाड्याने घेतलेला पेट्रोलपंप चालवत. करारच असा होता की कंपनीने सुचवलेल्या भावापेक्षा जास्त घेतलं तर वरचा पैसा कंपनीला परत, कमी घेतलं तर तोटा खानांच्या खिशातून. १९६८च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की पुरवठादाराने विक्रीचा कमाल भाव बांधून देणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा सरळ भंग आहे. पोझनर यांना तो निर्णय अडाणी वाटत होता, कारण कमाल भाव बांधला तर ग्राहकाचा फायदाच होण्याचा संभव. १९९६च्या निकालपत्रात त्यांनी त्या निर्णयाची पुरती पिसं काढली. तो जीर्ण आहे, डळमळीत आहे, एक दिवस वरचं कोर्टच तो मोडेल, असं सगळं लिहून शेवटी खानांच्या बाजूने निकाल दिला! कारण एकच: तो निर्णय मोडण्याचा अधिकार आपला नाही. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने १९६८चा निर्णय रद्द केला आणि खालच्या कोर्टाने मतभेद असूनही पूर्वनिर्णय पाळला हे योग्यच केलं, असं नमूदही केलं. मधल्या पायरीवरच्या न्यायाधीशाने कसं वागावं, याचा यापेक्षा चांगला नमुना माझ्या वाचनात नाही. हातात सत्ता नसताना केवळ युक्तिवादाच्या जोरावर वरच्यांचं मत घडवायचं, आणि तोवर नियम पाळायचा.

२०१२च्या बंदूक प्रकरणातही तेच. घरात बंदूक बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य करणाऱ्या २००८च्या निर्णयावर पोझनर यांनी नियतकालिकात कडक टीका केली होती. पण इलिनॉयच्या बंदूकबंदीचा खटला समोर आला तेव्हा, स्वसंरक्षणाची गरज घराबाहेरही असतेच, मग वरच्या कोर्टाचं तर्कशास्त्र उंबरठ्यावर थांबणार नाही, असं म्हणून त्यांनी तो कायदा रद्द ठरवला आणि विधिमंडळाला नवा करायला १८० दिवस दिले.

आर्थिक आडाखे त्यांनी कायद्यात कसे आणले, याचं वर्णन एका सूत्राने होतं. १९४७मध्ये लर्नेड हँड या दुसऱ्या थोर अपील न्यायाधीशांनी न्यूयॉर्क बंदरातल्या एका बुडालेल्या बार्जच्या खटल्यात निष्काळजीपणाची कसोटी बीजगणितात मांडली होती: खबरदारीचा खर्च हा अपघाताची शक्यता गुणिले नुकसान यापेक्षा कमी असेल आणि तरी तुम्ही ती घेतली नसेल, तर दोष तुमचा. १९८६मध्ये पोझनर यांनी तात्पुरत्या मनाई हुकमासाठी असंच सूत्र लिहिलं. प्रथमदर्शनी बाजू आणि सोयीचा तोल हे आपल्या दिवाणी वकिलांचे रोजचे शब्द. पोझनर यांनी त्यांना अक्षरं दिली, गुणाकार दिला. खंडपीठातल्या सहकाऱ्याने तिथेच हरकत घेतली. माझ्या मते त्या सूत्राने न्यायाधीशांना उत्तर कधीच दिलं नाही, कारण त्यात घालायचे आकडे कुणाकडेच नसतात. नेमकं काय तोललं जातंय, एवढं मात्र त्याने उघड केलं.

१९९५मध्ये रोन-पुलांक या औषध कंपनीच्या प्रकरणात हे तोलणं माणसांच्या जिवाशी येऊन भिडलं. हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवणाऱ्या औषधातून एचआयव्हीची लागण झाली होती आणि हजारोंच्या वतीने एकत्रित दाव्याला खालच्या कोर्टाने परवानगी दिली होती. तोपर्यंत स्वतंत्रपणे चाललेल्या १३ खटल्यांपैकी १२ कंपन्यांनी जिंकले होते. पोझनर म्हणाले, अख्ख्या उद्योगाचं भवितव्य एकाच ज्यूरीवर टांगलं तर कंपन्या दोषी नसतानाही भीतीपोटी तडजोड करतील; वेगवेगळे खटले चालू देत, अनेक ज्यूरींच्या निकालांतून सत्य दिसू लागेल. एकत्रित दावा त्यांनी मोडला. न्या. रोव्हनर यांनी विरोधी मत नोंदवलं. आकडेशास्त्र पोझनर यांच्या बाजूने आहे. पण मरणाऱ्या रुग्णाला एकट्याने कंपनीशी लढायचा खर्च परवडतो का, हाही जमाखर्चच आहे आणि तो त्यांनी पुरेसा मांडला नाही.

दहा वर्षांनी आश्रयार्थींच्या प्रकरणांत त्यांनी मांडलेला हिशेब पाहा. मायदेशी पाठवलं तर छळ होईल, असं सांगणाऱ्या परकीयांचे अर्ज इमिग्रेशन न्यायाधीश ज्या बेपर्वाईने फेटाळत, ती त्यांना असह्य झाली. २००५मध्ये बेन्स्लिमान प्रकरणात त्यांनी नोंदवलं, की एका वर्षात आपल्या कोर्टाने अशा १३६ प्रकरणांतले ४० टक्के निर्णय पूर्ण किंवा अंशतः फिरवले. सरकारविरुद्धच्या इतर दिवाणी अपिलांत हे प्रमाण १८ टक्के होतं. ही न्यायदानाची किमान पातळीही नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष. त्यात कळवळ्याचा एक शब्द नाही, आणि म्हणूनच सरकारला तो झटकता आला नाही.

आता वेसण सुटलेली उदाहरणं. कोंबड्यांच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातले कामगार म्हणत होते, जेवणाच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीतला बराच वेळ संरक्षक कपडे काढण्या-घालण्यात जातो, त्याचे पैसे द्या. पोझनर यांनी तसे कपडे मागवले, कोर्टातल्या तीन कर्मचाऱ्यांना घालायला-काढायला लावले आणि वेळ मोजला. सरासरी दोन मिनिटांच्या आत. कामगार हरले. मुख्य न्यायाधीश डायान वुड यांनी विरोधी मतात याबद्दल आश्चर्य नोंदवलं, ते रास्तच होतं. कोर्टातले कारकून काही मांसाने, रक्ताने लडबडलेले नव्हते. पुढच्या वर्षी, २०१५मध्ये, इंडियानातल्या एका कैद्याने तक्रार केली की आम्लपित्तावरची गोळी तुरुंगात जेवणाच्या वेळा सोडून भलत्याच वेळी देतात. त्याच्याकडे ना वकील, ना तज्ज्ञ साक्षीदार. पोझनर यांनी इंटरनेटवर वैद्यकीय संकेतस्थळं वाचली, गोळी जेवणाआधी घ्यावी लागते हे शोधून काढलं आणि कैद्याचा दावा जिवंत केला. मन कैद्याच्या बाजूला झुकतं, माझंही झुकलं. पण दोन्हीकडे घडलं ते एकच: न्यायाधीश स्वतः साक्षीदार झाला, आणि त्याची उलटतपासणी कुणालाच घेता आली नाही.

स्वतःला पुराव्यांचा भोक्ता म्हणवणाऱ्या या माणसाची सर्वांत मोठी फसगत पुराव्याअभावीच झाली. इंडियानाने २००५मध्ये मतदानासाठी छायाचित्र असलेलं ओळखपत्र सक्तीचं केलं. आपल्याला यात वावगं काय ते चटकन कळत नाही. शेषन यांच्या काळापासून निवडणूक आयोगच मतदाराला ओळखपत्र पुरवत आला आहे. अमेरिकेत तसं राष्ट्रीय कार्ड नाही. गाडी चालवण्याचा परवाना हेच ओळखपत्र, आणि तो नसतो बहुधा गरिबांकडे, वृद्धांकडे, कृष्णवर्णीयांकडे. २००७मध्ये पोझनर यांनी कायदा उचलून धरला. या कायद्यामुळे मत देता येणार नाही असा एकही माणूस फिर्यादींनी उभा केला नाही, हे त्यांचं मुख्य कारण. पण तोतया मतदाराला इंडियानात कधी शिक्षा झाल्याचा दाखला सरकारनेही दिला नव्हता, आणि त्या उणिवेकडे त्यांनी समजुतीने पाहिलं. विरोधी मतात न्या. इव्हान्स यांनी हा विशिष्ट पक्षाच्या मतदारांना परावृत्त करण्याचा डाव आहे, असं जवळपास उघड लिहिलं होतं. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पोझनर यांचा निकाल कायम केला आणि राज्याराज्यांत असे कायदे झाले.

२०१३च्या पुस्तकात पोझनर यांनी या निकालाची कबुली अपराध्याने द्यावी तशी दिली: हे कायदे मतदार रोखण्यासाठी आहेत असं आता सर्वत्र मानलं जातं. २०१४मध्ये विस्कॉन्सिनच्या अशाच कायद्यावर पूर्ण पीठाने फेरसुनावणी घ्यावी का, यावर मतं पाच-पाच अशी विभागली, तेव्हा घ्यावी म्हणणाऱ्यांच्या वतीने त्यांनी झणझणीत लिहिलं आणि जन्मदाखला मिळवायला काय काय करावं लागतं ती कागदपत्रांची जंत्रीच जोडली. दिलगिरी प्रांजळ होती. पण असे कायदे देशभर पसरले ते त्यांच्या पहिल्या निकालाच्या बळावर, आणि तो निकाल मागे घेण्याची सोय व्यवस्थेत नव्हती.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा सर्वांत गाजलेला निकाल आला होता. समलिंगी विवाहाबद्दल नव्वदच्या दशकात ते हात राखून लिहीत; हा प्रश्न कोर्टांनी ओढून घेऊ नये, असं त्यांचं मत होतं. २०१४पर्यंत दत्तक मुलांची आकडेवारी, इतर राज्यांतला अनुभव, सगळंच पुढे आलं होतं. अनपेक्षित गरोदरपणातून जन्मलेल्या मुलांना आई-बाप मिळावेत म्हणून विवाहसंस्था आहे, असा समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या राज्यांचा युक्तिवाद. पोझनर यांनी सुनावणीतच वकिलांची पळता भुई थोडी केली. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे नको असलेली मुलं जन्माला घालणाऱ्यांना विवाहाचं बक्षीस, आणि ती मुलं दत्तक घेऊन वाढवणाऱ्यांना नकार? सुनावणीनंतर नवव्या दिवशी ही बंदी मोडणारा एकमताचा निकाल बाहेर पडला. १९७८च्या त्या बदनाम लेखाचा विषय, दत्तक जाणारी मुलं, इथे निराळ्याच रूपात भेटतो.

१ सप्टेंबर २०१७ला, ७८व्या वर्षी, त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून निवृत्त होत असल्याचं जाहीर केलं. कारण लवकरच कळलं. फेडरल अपिलांपैकी निम्म्याच्या आसपास वकील न करता स्वतः लढणाऱ्यांची असतात, त्यांत कैदी पुष्कळ. त्यांचे कागद कोर्टाच्या नोकरीतले वकील वाचतात, टिपण लिहितात आणि न्यायाधीश बहुधा त्यावर सही करतात. ही सगळी टिपणं न्यायाधीशांकडे जाण्याआधी मी तपासून देतो, असं पोझनर यांनी सुचवलं. सहकाऱ्यांनी नकार दिला. पस्तीस वर्षं आपण या लोकांकडे लक्षच दिलं नाही, असं तेच मुलाखतीत म्हणाले. यातल्या कित्येक टिपणांवर त्यांचीही सही असणार.

त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी आणखी एक काम उरकलं होतं. १९६४च्या कायद्यानुसार नोकरीत ‘लिंगा’वरून भेदभाव करता येत नाही, यात लैंगिक कल येतो का? इंडियानातल्या एका समलिंगी शिक्षिकेच्या खटल्यात सातव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने आठ विरुद्ध तीन मतांनी ‘येतो’ असं ठरवलं. बहुमताचं निकालपत्र वुड यांचं. पोझनर सहमत होते, पण त्यांनी वेगळं लिहिलं: १९६४च्या संसदेच्या मनात हे नव्हतं, आपण न्यायाधीश त्या जुन्या कायद्याला नवा अर्थ देत आहोत, तर तसं मोकळेपणाने म्हणू या. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोस्टॉक प्रकरणात तोच निष्कर्ष सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. निकालपत्र नील गॉर्सच यांचं होतं, आणि ते पोझनर यांच्या पद्धतीचं नावही न घेता केवळ कायद्याच्या शब्दांवर उभं होतं. सॅम्युएल अलिटो यांचा विरोधी मतातला आरोप असा, की शब्दनिष्ठेचं निशाण फडकवत प्रत्यक्षात तुम्ही जुना कायदा अद्ययावत करून घेत आहात. पोझनर यांनी तीन वर्षं आधी तेच काम निशाण न फडकवता, स्वतःच्या नावाने केलं होतं.